टपावरचा फोड

गाडी पुसताना डाव्या बाजूला, पुढच्या काचेपासून वीतभर मागे, फडक्याला काहीतरी अडकलं. पक्ष्याची वाळलेली विष्ठा असेल म्हणून नखानं खरवडलं, तर रंगाचा पोपडाच निघून आला. खाली टिकलीएवढा तांबूस खड्डा आणि बोटाला विटकरी भुकटी. दरवाज्यांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, डिकीची चौकट या जागा मी अधूनमधून वाकून बघत असे. टप कधी बघितलाच नव्हता. माझ्या उंचीला तो दिसत नाही. हात पोचेल तेवढा पुसायचा आणि मधला भाग पावसावर सोपवायचा, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

पहिली दुरुस्ती मी तासाभरात उरकली. ती मिरवण्यासारखी नाही, पण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. घरात होता तो पॉलिश पेपर घेऊन डाग घासला. तांबडेपणा पूर्ण गेला नाही, हात मात्र दुखला, म्हणून त्यावर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाला बांधून ठेवणारं रसायन, फासला. तो बघता बघता काळा पडला. काळा पडला म्हणजे गंज मेला, अशी माझी समजूत. मग गाडीच्या चंदेरी रंगाचा स्प्रेचा डबा आणून दोन फवारे मारले. लांबून काही कळत नव्हतं. जवळून कळत होतं, पण टप जवळून बघतं कोण?

पावसाळा संपता संपता त्या जागी तीन नवे फोड आले. जुन्या डागाच्या बाहेरच्या बाजूनं, अर्धचंद्रासारखे. मधला माझा रंग खपलीसारखा सुटत होता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांची सगळी हयात गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेली. त्यांना खाली बोलावलं. त्यांनी फोडाकडे बघितलंसुद्धा नाही. अंगठा फोडावर ठेवला आणि तिथून सरकवत टपाच्या कडेला असलेल्या काळ्या रबरी पट्टीपर्यंत नेला.

"अगं, गंज इथं नाहीये. इथं तो फक्त वर आलाय."

"मग आहे कुठं?"

"ही पट्टी काढ, म्हणजे भेटेल."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. मी जिथं रंग मारत होते तिथून पाणी येतच नव्हतं.

पट्टी काढायला प्लास्टिकची पाचर वापरली. स्क्रूड्रायव्हर घातला असता तर आणखी एक ओरखडा आणि पुढच्या वर्षी आणखी एक फोड. पट्टीच्या खाली क्लिपा असतात, त्या एकेक करून सुटतात. चार सुटल्या, सगळ्यात मागची हलेना. जुनं प्लास्टिक तुटेल या भीतीनं मी ती तशीच ठेवली आणि पट्टी वर उचलून दोरीनं बाजूला बांधून ठेवली.

खाली जे दिसलं त्यानं शिसारी आली. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथं एकमेकांना जोडलेले असतात, तिथं एक बोटभर रुंदीची पन्हळ असते. ती मातीच्या काळ्या लगद्यानं भरली होती. पानांचे देठ, वाळूचे कण, कसलंसं बी. चार दिवस पाऊस नव्हता, तरी लगदा ओला होता. पट्टी पाणी आत जाऊ देत होती, पण वाळू देत नव्हती. पन्हळीच्या तळाशी दोन पत्र्यांचा सांधा असतो आणि त्यावर कारखान्यातच सीलंट, म्हणजे फट बुजवणारा रबरासारखा लेप, भरलेलं असतं. माझ्या गाडीत त्या सीलंटला लांबलचक तडा गेला होता आणि तड्याच्या दोन्ही ओठांना तांबडी कड आली होती. तिथून गंज रंगाच्या खालून चढत चढत टपाच्या गोलाईवर पोचला होता. मी बघितलेली टिकली म्हणजे त्याचं शेवटचं टोक.

लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. ती जागा त्याला वरचा रंग उचलूनच मिळते. म्हणून फोड. उचललेल्या रंगाखाली फट होते, फटीत पाणी शिरतं, आणि गंज स्वतः सच्छिद्र असल्यामुळे ते पाणी धरून बसतो. ॲल्युमिनियमवर चढणारा थर आतल्या धातूला झाकून टाकतो, गंजाला ती रीत ठाऊक नाही. तो पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. माझा रस्ट कन्व्हर्टर वरच्या पापुद्र्याशी बोलून परत आला होता.

आणि टपाच्या वाट्याला पाणीही जास्त येतं, हे मला काकांशी बोलताना पहिल्यांदा उमगलं. पाऊस नसला तरी येतं. स्वच्छ आकाशाच्या रात्री टपाची उष्णता सरळ वर निघून जाते, त्यामुळे तो भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो आणि दव आधी त्याच्यावर धरतं. पहाटे दरवाजे जवळजवळ कोरडे आणि टप ओलाचिंब, हे दृश्य मी शेकडो वेळा बघितलं होतं. त्यावर दिवसभर डोक्यावरचं ऊन. वरचा पारदर्शक लॅकर सगळ्यात आधी टपावर आणि बॉनेटवर फाटतो तो त्यामुळेच.

यावेळी घाई करायची नाही असं ठरवलं. काकांची अट एकच होती: "हात तुझा, डोळे माझे." म्हणजे काम मी करायचं आणि प्रत्येक टप्प्याला त्यांना हाक मारायची.

आधी धुणं. मग ग्रीस आणि मेण काढणाऱ्या द्रावणानं पुसणं, तेही घासण्याच्या आधी. मेणाचा हात असलेला पत्रा घासला तर मेण ओरखड्यांत रगडलं जातं आणि पुढे रंग तिथून माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. पुसायला दोन फडकी, एक ओलं, एक कोरडं. ओल्यानं विरघळवायचं आणि ते वाळायच्या आत कोरड्यानं उचलायचं. नाहीतर घाण नुसती पसरते.

गाडीचा बाकीचा भाग झाकायला मी कंटाळा केला आणि नुसत्या काचेवर जुनी चादर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेटवर शेकडो बारीक तांबडे ठिपके. क्षणभर वाटलं, बॉनेटही गेलं. घासताना उडालेले लोखंडाचे कण तिथं बसले होते आणि रात्रीच्या दवात तेच गंजले होते. ते धुऊन, मग चिकणमातीसारखी डिटेलिंगची वडी फिरवून काढण्यात अर्धा दिवस गेला. तारेच्या काथ्यानं गंज घासू नये म्हणतात तेही यासाठीच. त्याचे तुकडे पत्र्यात अडकतात आणि स्वतःच गंजाचं बी होतात.

घासण्याबद्दल मला खूप बोलायचं आहे, कारण सगळं काम तिथंच आहे. ८० नंबरच्या पेपरनं सुरुवात केली. फोडाच्या कडेला रंग निरोगी दिसत होता, पण पेपर फिरवला की तोही सुटायचा आणि खाली तपकिरी छटा दिसायची. मी थांबायची, काका म्हणायचे, "अजून." गंजाच्या हद्दीबाहेर निदान दोन बोटं चकाकता पत्रा आणि त्यापुढे घट्ट धरलेला रंग दिसेपर्यंत मागे हटायचं नाही, हा त्यांचा नियम. टिकलीएवढ्या डागाची जागा वाढत वाढत तळहाताएवढी झाली, आणि पन्हळीत हातभर लांब. चांगल्या गाडीचा रंग आपण स्वतः ओरबाडून काढतोय, हे बघवत नाही. सगळ्यांचा पाय इथंच अडतो असं मला वाटतं. माझा पहिल्या वेळी इथंच अडला होता.

पन्हळीतलं फुटलेलं सीलंट खरवडून काढलं, पोचेल तिथं तारेचा ब्रश वापरला, सपाट भागावर ड्रिलला लावायची जाळीदार घासचकती. ग्राइंडर मात्र काकांनी हातात धरू दिला नाही. टपाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो मोठा, सपाट, मध्ये फारसा आधार नसलेला. एका जागी तापला की ताणतो, मग थंड झाल्यावरही डबा दाबल्यासारखा टकटक वर-खाली होत राहतो. तो बाक काढणं गंज काढण्यापेक्षा अवघड. म्हणून दर काही सेकंदांनी चकती उचलायची आणि तळवा ठेवून बघायचं. चटका बसत असेल तर थांबायचं.

कडेनं रंग उतरता घासत आणला तेव्हा झाडाच्या कापलेल्या खोडावर असतात तशी वर्तुळं उमटली. सगळ्यात बाहेर लॅकर, मग चंदेरी रंग, मग करडा प्रायमर, मग कारखान्यात अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्यानं चढवतात तो पातळ थर, आणि मध्ये पत्रा. या सगळ्या थरांची मिळून जाडी मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढी. एवढ्याशा जाडीवर गाडी वर्षानुवर्षं उन्हापावसात उभी असते.

पत्रा चकाकला तरी त्यावर काळे ठिपके राहिले होते, सुईच्या टोकाएवढे. हे गंजानं खाल्लेले खड्डे. पत्रा आरपार गेला नाही ना, हे टोचा दाबून तपासलं. आरपार गेला असता तर माझं काम तिथंच संपलं असतं. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडणं हे त्यातल्या जाणकाराचं काम, कारण टप नुसतं झाकण नसतो, गाडी उलटली तर खांबांबरोबर तोही भार घेतो. भोकावर फायबरचा तुकडा चिकटवून वर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, फिरवणारे असतात. खालून गंज चालूच राहतो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आतून बघण्यासाठी छताचं अस्तर कडेला थोडंसं खाली ओढून टॉर्च मारला. सुदैवानं आतला थर शाबूत होता. पुष्कळ गाड्यांत त्याच कडेनं, अस्तराच्या मागे, पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग घडी करून ठेवलेल्या असतात. तिथं आधी माहितीपुस्तिका बघितल्याशिवाय ओढाताण करू नये. माझ्या गाडीत त्या नव्हत्या, पण हे मला अस्तर ओढून झाल्यावर कळलं, हा काही शहाणपणा नव्हे.

रस्ट कन्व्हर्टर यावेळीही वापरला, फक्त त्या काळ्या खड्ड्यांपुरता, बारीक ब्रशनं. त्यातलं टॅनिक आम्ल गंजाशी मिळून काळपट निळा, टिकाऊ थर बनवतं. फॉस्फरिक आम्ल असलेला असेल तर लोहाचं फॉस्फेट तयार होतं. उरलेला पातळ गंज बांधून ठेवणं एवढीच त्याची कुवत. सुटे पापुद्रे तो बांधू शकत नाही. मी मागच्या वेळी त्याच्याकडून तेच मागत होते. डब्यावर लिहिलेला वेळ पाळायचा आणि धुवायला सांगितलं असेल तर खरंच धुवायचं. आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर धड धरत नाही. मी डबा वाचला, दोनदा.

उघडा पत्रा फार वेळ ठेवायचा नसतो. दमट हवेत काही तासांतच त्यावर पिवळसर झाक येते. मी उत्साहानं एकदा बोटानं चाचपून बघितलं, आणि काकांनी माझ्याकडे असं बघितलं की दूध नासलं असावं. घामात मीठ असतं. बोटाचा ठसा रंगाखाली जातो आणि पुढे ठशाच्याच आकाराचा फोड येऊ शकतो. परत पुसलं, हातमोजे घातले.

मग इपॉक्सी प्रायमर. दोन घटकांचा, डब्यावरच्या प्रमाणात मोजून मिसळायचा, अंदाजानं नाही. दोन पातळ हात. टप उन्हात तापलेला नको आणि दवाचा ओलावाही नको. रंगकामात नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअसनं जास्त हवं. आमच्याकडे तापमापक नव्हता, तेव्हा सकाळी दव पूर्ण उडाल्यावर आणि पत्रा हाताला कोमट लागायच्या आधी, असा वेळ काकांनी नेमून दिला. तोंडाला साधं फडकं नाही तर वाफा अडवणारा मास्क.

प्रायमर सुकल्यावर पन्हळीत नवं सीलंट भरलं. या क्षणाची मला सगळ्यात धास्ती होती, कारण मुळात चूक तिथं होती. नळकांडीचं तोंड बारीक कापलं, एका श्वासात पुढून मागे ओढत नेलं, आणि द्रावणात बुडवलेल्या ब्रशनं दाबून सांध्यात बसवलं. पाणी साचेल असा उंचवटा कुठं राहू नये म्हणून पुढच्या टोकाला दोनदा हात फिरवला. मागच्या टोकाला क्लिप आडवी येत होती. तिथं जेवढं पोचलं तेवढं.

लांबीचा नंबर त्यानंतर. ती इपॉक्सीच्या वर भरली, उघड्या पत्र्यावर नाही. लांबी स्पंजासारखी पाणी पिते, म्हणून ती घासतानाही पाणी वापरायचं नाही. ती घट्ट करणारा हार्डनर वजनाच्या साधारण २ टक्के. लवकर सुकावी म्हणून मी पहिल्या लगद्यात जास्त टाकला, तर तो पत्र्याच्या पट्टीवरच दगड झाला. दुसरा बरोबर जमला. घासताना बोटांनी पेपर धरला की बोटांच्या सऱ्या पडतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत, चकाकी आल्यावर दिसतात. लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून १८० आणि मग ३२०. वर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून पुन्हा घासलं. काळं जिथं उरलं तिथं खोलगट. पुन्हा लांबी, पुन्हा ठोकळा. डोळे मिटून तळवा फिरवायचा, हे काकांनी शिकवलं. तळव्याला जे कळतं ते नजरेला कळत नाही.

मधला प्रायमर, ४०० आणि ६०० चा वॉटर पेपर, हे सगळं सरळ झालं. रंगाचं मात्र सरळ झालं नाही. रंगाचा कोड दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर होता, त्याप्रमाणे रंग तयार करून घेतला, तरी तो कारखान्यातल्या गाडीचा रंग. माझी गाडी इतकी वर्षं उन्हात उभी. त्यात चंदेरीत धातूचे बारीक कण असतात. हात जाड पडला की ते कण आडवेतिडवे बसतात आणि रंग गडद दिसतो. मी दुसरा हात जाड मारला. ढगाच्या सावलीसारखा डाग पडला. तो वाळू दिला, हलक्या हातानं घासला आणि परत तीन विरळ हात, प्रत्येक हातामध्ये दहा-पंधरा मिनिटं.

लॅकर काकांनी मारला, त्यांच्या कामाच्या ठिकाणी नेऊन. दोन घटकांच्या लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते फुप्फुसांना वाईट. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो आणि तो त्यांच्याकडे होता. शिवाय टपाला मध्ये कुठं रेघ नाही की तिथपर्यंत लॅकर मारून थांबावं. तुकड्यापुरता मारला तर त्याची कड काही महिन्यांत उघडी पडते. म्हणून अख्खा टप हलका घासून सगळ्यावर लॅकर चढवला, दोन्ही खांबांपर्यंत. पट्टी परत बसवण्याआधी पन्हळ आणि पट्टीची खालची बाजू दोन्ही धुऊन वाळवल्या, आणि आतून, अस्तराच्या मागून, लांब नळीनं सांध्यावर मेणाचा फवारा मारला.

वरून मेण मात्र महिनाभर लावायचं नाही, असं बजावण्यात आलं. ताज्या लॅकरमधून द्रावक बाहेर पडायला वेळ लागतो.

तेव्हापासून काही सवयी लागल्या. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पट्टी उचलून पन्हळीत पाणी सोडते आणि ते कुठून बाहेर पडतं ते बघते. पाणी थांबलं की समजायचं, काहीतरी अडकलंय. अँटेनाच्या बुडाचं रबर आणि टपावरच्या कॅरिअरचे बोल्ट दाबून बघते, कारण टपाला जिथं जिथं भोक आहे तिथं तिथं गंजाला दार आहे. पक्ष्याची विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओल्या फडक्यानं मऊ करून उचलते. उडालेल्या खड्यानं टवका गेला तर रंगाचा ठिपका त्याच आठवड्यात. कापडी कव्हर ओल्या गाडीवर घालणं बंद केलं. ते आत दमट हवा कोंडतं आणि वाऱ्यानं हललं की धुळीसकट रंगावर घासतं. आणि एक छोटं स्टूल गाडीत ठेवलंय. त्यावर चढल्याशिवाय टप दिसत नाही, हे मान्य केलं.

दोन पावसाळे झाले. तळहाताएवढ्या त्या जागेवर काही नाही. तिरप्या उन्हात रंगाचा किंचित फरक दिसतो, पण तो मला आणि काकांनाच. गेल्या आठवड्यात पट्टी उचलली तेव्हा पन्हळ पुढून मध्यापर्यंत स्वच्छ होती. मागच्या टोकाला, त्या न सुटलेल्या क्लिपच्या बुडाशी, केसाएवढी तांबडी रेघ होती. क्लिप मागवली आहे. यावेळी जुनी तुटली तरी चालेल.